एन्झाइम, बारीक नळ्या आणि सतत प्रवाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एन्झाइम (जैविक उत्प्रेरक) वापरून फ्लोमध्ये, म्हणजे सतत वाहत्या द्रवात, रसायनं बनवण्याबद्दल एमएस्सी-पीएचडीची मुलं, औषध कंपन्यांतले प्रोसेस केमिस्ट आणि एमआयडीसीतले छोटे उत्पादक काही प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एकदा सांगितलेलं परत लिहिलेलं नाही, त्या जागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एन्झाइमचा मायक्रोरिॲक्टर म्हणजे नक्की काय? ती काचेची चिपच असते का?

चिप असू शकते. काच, सिलिकॉन किंवा पॉलिमरवर कोरलेल्या, काही दहा मायक्रोमीटरपासून साधारण एक मिलिमीटर रुंदीच्या वाहिन्या, आणि त्यांच्या भिंतींना चिकटवलेलं एन्झाइम. चिपचे फोटो छान येतात, म्हणून शोधनिबंधांत त्याच जास्त दिसतात. माल बनवण्याच्या दृष्टीने कामाला येतो तो मात्र साधा कॉलम: एचपीएलसी या विश्लेषणाच्या यंत्रातल्या कॉलमएवढी नळी, तिच्यात एन्झाइम बसवलेले मणी, मागे पंप, पुढे बॅक-प्रेशर रेग्युलेटर (आतला दाब टिकवणारी झडप). याला पॅक्ड बेड म्हणतात. मण्यांमधल्या फटी सूक्ष्म असल्यामुळे वाहिन्यांचे बरेचसे फायदे इथेही मिळतात. तिसरा प्रकार म्हणजे पीएफए (टेफ्लॉनसारखं प्लास्टिक) किंवा तत्सम ट्यूबचं वेटोळं. त्यात एन्झाइम विरघळलेलं असतं आणि सब्स्ट्रेटबरोबरच (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाबरोबर) वाहतं. खाली वेगळं सांगितलं नसेल तिथे पॅक्ड बेड गृहीत धरा.

२. बॅचमध्ये (एका भांड्यात, एका वेळी एक घाणा) सगळं नीट चाललंय. मग फ्लोमध्ये का जायचं?

नीट चालत असेल तर जाऊ नका. एन्झाइम स्वस्त आहे, क्रिया रात्रभरात पूर्ण होते, वर्कअप (क्रियेनंतर पदार्थ वेगळा करून शुद्ध करणं) सोपं आहे, अशा वेळी पंप आणि कॉलम आणून फक्त देखभाल वाढते.

फ्लोचा खरा उपयोग मोजक्या ठिकाणी होतो. पहिलं, मणी ढवळताना पंख्याखाली भरडले जातात. कॉलममध्ये ते जागच्या जागी राहतात आणि महागडं एन्झाइम महिनोन् महिने वापरता येतं. दुसरं, वायू लागणाऱ्या क्रिया (प्रश्न ९). तिसरं, जिथे नेमक्या वेळी थांबणं गरजेचं असतं. एन्झाइमची निवडकता मध्यम असेल आणि रेसेमिक मिश्रणातला (रेणूच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रूपांच्या समसमान मिश्रणातला) एकच एनान्शिओमर, म्हणजे एकच रूप, वेगळा करायचा असेल, तर बॅचमध्ये घड्याळाकडे डोळे लावून बसावं लागतं. उशीर झाला की नको असलेला एनान्शिओमरही क्रियेत ओढला जातो. फ्लोमध्ये ती वेळ पंपाच्या वेगानेच ठरते. चौथं, तयार झालेला पदार्थ किंवा उपपदार्थ एन्झाइमला त्रास देत असेल तर तो लगेच पुढे वाहून जातो. व्हायनिल ॲसिटेट वापरलं की ॲसिटाल्डिहाइड सुटतं आणि काही लायपेज (चरबी फोडणारी एन्झाइमं) त्याने खराब होतात. अशा ठिकाणी वाहता कॉलम जास्त टिकतो.

३. हे तंत्रज्ञान अगदी नवीन आहे ना?

'फ्लो बायोकॅटॅलिसिस' हे नाव नवं आहे, काम जुनं. जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने १९६९ साली ॲमिनोॲसायलेज हे एन्झाइम डीईएई-सेफाडेक्स या मण्यांवर बसवून कॉलममधून एल-ॲमिनो आम्लं बनवायला सुरुवात केली. बसवलेल्या एन्झाइमचा तो पहिला औद्योगिक वापर मानला जातो. त्यानंतर आलं ग्लुकोज आयसोमरेज. मक्याच्या ग्लुकोजचा पाक ५५ ते ६० अंश सेल्सिअसला कॉलममधून सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला सुमारे ४२ टक्के फ्रुक्टोज असलेला पाक घ्यायचा. हे कॉलम महिनोन् महिने चालतात. १९८० च्या दशकात जर्मनीच्या डेगुसाने मेम्ब्रेन रिॲक्टरमध्ये (गाळणारा पडदा असलेल्या रिॲक्टरमध्ये) विरघळलेलं ॲसायलेज अडवून ठेवून सतत उत्पादन केलं.

आपल्याकडचा धागा पेनिसिलीन जी ॲसायलेजचा आहे. पेनिसिलीन जीपासून ६-एपीए (पेनिसिलीनचा गाभा) बनवणारं हे एन्झाइम आहे आणि अर्धसंश्लेषित पेनिसिलिनं त्या ६-एपीएपासून बनतात. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आणि पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) या एन्झाइमवर बरंच काम झालं आहे. त्याची एक खोड प्रश्न १० मध्ये येईल.

४. वाहिनी बारीक केली की एन्झाइम जास्त वेगाने काम करतं का?

नाही. एन्झाइमचा स्वतःचा वेग तोच राहतो. वाचतो तो सब्स्ट्रेटला एन्झाइमपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ. विसरणाचा (डिफ्यूजनचा) वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पाण्यात लहान रेणूचा विसरणांक साधारण १०⁻⁹ चौ. मी. प्रति सेकंद धरला, तर २५० मायक्रोमीटर जायला त्याला तीसेक सेकंद लागतात आणि ५० मायक्रोमीटर जायला सव्वा सेकंद. क्रियेलाच तासभर लागत असेल तर हे तीस सेकंद वाचवून काय हाती लागणार? क्रिया काही सेकंदांची असेल तर मात्र फरक मोठा पडतो.

विरघळलेल्या एन्झाइमच्या वेटोळ्यात वेगळी अडचण आहे. एवढ्या बारीक नळीत प्रवाह थरांचा असतो. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या नळीतून मिनिटाला एक मिलीलिटर पाणी सोडलं तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळाळता आहे याचं माप) जेमतेम चाळीसच्या आसपास येतो. मधलं द्रव सरासरीच्या दुप्पट वेगाने पळतं आणि भिंतीलगतचं रेंगाळतं. एन्झाइमचा रेणू मोठा, त्याला तेच २५० मायक्रोमीटर जायला आठ-नऊ मिनिटं लागतात. म्हणून तिथे हवेचे किंवा न मिसळणाऱ्या द्रावकाचे तुकडे मध्ये सोडतात. प्रत्येक तुकड्याच्या आत द्रव गोल फिरतं आणि मिसळणं भराभर होतं.

५. एन्झाइम मण्यांवर कसं बसवायचं? सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

या सगळ्या विषयाचं यश-अपयश इथेच ठरतं. वाहिनीची रुंदी, पंपाची किंमत, चिपची रचना यांपेक्षा एन्झाइम कशावर आणि कसं बसलंय, याकडे आधी लक्ष द्या. वाईट बसवलेलं एन्झाइम सर्वोत्तम रिॲक्टरमध्येही वाईटच चालतं.

नुसतं शोषून बसवणं सर्वांत सोपं. नोव्होझाइम ४३५ हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. कॅन्डिडा अंटार्क्टिका यीस्टचं लायपेज बी ॲक्रिलिक रेझिनच्या सच्छिद्र मण्यांवर जलविरोधी आकर्षणाने धरलेलं असतं. हे मणी जाड रव्याच्या कणाएवढे. टोल्यूइन किंवा टर्ट-ब्युटेनॉलसारख्या सेंद्रिय द्रावकात ते उत्तम टिकतं, कारण एन्झाइमला सुटून जायला पाणीच नसतं. तेच मणी पाण्यात, त्यातही डिटर्जंट असलेल्या मिश्रणात घातले की एन्झाइम हळूहळू धुऊन जातं.

पाण्यातल्या क्रियेसाठी सहसंयुज बंध हवेत. इपॉक्सी किंवा ग्लायॉक्सिल गट असलेले रेझिन, किंवा अमिनो रेझिनवर ग्लुटाराल्डिहाइड. बंध एन्झाइममधल्या लायसिन या ॲमिनो आम्लाशी जुळतात. बंध जास्त झाले तर एन्झाइम ताठर होतं. त्याने टिकाऊपणा वाढतो, पण वेग थोडा जातो. क्रियाशील जागेजवळचं लायसिन बांधलं गेलं तर सगळंच जातं. जीन तुमच्या हातात असेल तर हिस-टॅग (धातूला चिकटणारी हिस्टिडीनची शेपटी) जोडून धातू असलेल्या आधारावर बसवा. अशुद्ध अर्कातून एन्झाइम निवडून घेणं आणि बसवणं एकाच टप्प्यात होतं. आधाराशिवाय एन्झाइम एकमेकांना जोडून केलेले पुंजके, म्हणजे सीएलईए, बॅचमध्ये छान चालतात. कॉलममध्ये ते मऊ पडतात आणि दाबाने चपटे होतात. अल्जिनेटच्या गोळ्यांचंही तसंच.

एक सवय लावून घ्या. बसवल्यावर 'किती टक्के प्रथिन चिकटलं' एवढ्यावर थांबू नका, ओल्या मण्यांची दर ग्रॅममागे सक्रियता मोजा. नव्वद टक्के प्रथिन चिकटून दहा टक्के सक्रियता उरलेली उदाहरणं सर्रास दिसतात.

६. रेसिडेन्स टाइम कसा काढायचा? आणि एवढ्याशा कॉलममधून माल निघतो तरी किती?

रेसिडेन्स टाइम म्हणजे द्रव कॉलममध्ये राहतो तो वेळ: द्रवासाठी उपलब्ध आकारमान भागिले प्रवाहाचा दर. चूक होते ती 'उपलब्ध' या शब्दात. ४.६ मिमी व्यासाच्या, १०० मिमी लांबीच्या कॉलमचं एकूण आकारमान सुमारे १.६६ मिलीलिटर असतं. मण्यांमधल्या फटी साधारण ४० टक्के, म्हणजे ०.६६ मिलीलिटर. मणी सच्छिद्र असतील तर छिद्रांतलं आकारमानही त्यात येतं. अंदाज बांधण्यापेक्षा ॲसिटोनचा छोटा डोस सोडून यूव्ही डिटेक्टरवर तो कधी बाहेर येतो ते पाहा.

मालाचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ०.१ मिलीलिटर प्रवाह, फीडमध्ये (आत सोडायच्या द्रवात) लिटरला ०.५ मोल सब्स्ट्रेट आणि पूर्ण कन्व्हर्जन (सगळ्या सब्स्ट्रेटचं रूपांतर) असेल, तर दिवसाला ७२ मिलीमोल. रेणूभार १५० असेल तर साधारण ११ ग्रॅम. बोटाएवढ्या कॉलमसाठी वाईट नाही. फीड पातळ असेल, समजा १० मिलीमोल, तर हेच ०.२ ग्रॅमवर येतं. अनेक शोधनिबंधांतले आकडे इथेच कोसळतात.

नमुना लगेच घेऊ नका. प्रवाह किंवा तापमान बदलल्यावर किमान तीन रेसिडेन्स टाइमइतका द्रव टाकून द्या.

७. आमच्याकडे ३ केएलचे (३,००० लिटरचे) जीएलआर (काचेचं अस्तर असलेले रिॲक्टर) आहेत. फ्लोमध्ये जायचं म्हणजे हजार चिप लावायच्या का?

नाही. एन्झाइमच्या क्रिया बहुतेक सौम्य असतात, उष्णता कमी सुटते, त्यामुळे नळी बारीकच ठेवायची सक्ती नसते. ग्लुकोज आयसोमरेजचे औद्योगिक कॉलम चांगले मोठे असतात. कॉलमचा व्यास वाढवा, लांबी आणि द्रवाचा रेषीय वेग तोच ठेवा. लांबी वाढवलीत तर दाब वाढतो. मण्यांचा आकार निम्मा केलात तर त्याच वेगाला दाब साधारण चौपट होतो. हजार समांतर वाहिन्यांची खरी अडचण म्हणजे प्रवाह सगळ्यांत सारखा वाटला जात नाही आणि एक तुंबली तर कळत नाही. तुमचे जीएलआर वाया जात नाहीत. फीड बनवायला आणि पुढच्या वर्कअपला ते लागतातच.

८. सेंद्रिय द्रावक चालतो का? पाणी किती हवं?

लायपेज कोरड्यासारख्या द्रावकातही चालतं, पण अगदी कोरड्यात नाही. एन्झाइमभोवती पाण्याचा पातळ थर लागतो. उलट एस्टर बनवताना पाणी तयार होतं आणि ते मण्यांवर साचत जातं. दोन-तीन दिवसांनी कन्व्हर्जन घसरलं की लोक एन्झाइम मेलं म्हणतात, पण कित्येकदा ते फक्त भिजलेलं असतं. कोरड्या टर्ट-ब्युटेनॉलने धुऊन बघा. दोन कॉलमच्या मध्ये मॉलिक्युलर सीव्हचा (पाणी शोषणाऱ्या मण्यांचा) कॉलम लावणं हा जास्त कायमचा उपाय.

इतर एन्झाइमांचं तसं नसतं. सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधासाठी मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी घडवलेल्या ट्रान्सॲमिनेजची (अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या एन्झाइमची) हकीकत २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. निम्मं डीएमएसओ हे सेंद्रिय द्रावक असलेल्या मिश्रणात ते तगतं, पण त्यासाठी प्रयोगशाळेत घडवलेल्या उत्क्रांतीच्या अनेक फेऱ्यांतून एन्झाइम बदलावं लागलं. रिॲक्टर बदलून ते साधलं नसतं. पुढे याच जातीचं एन्झाइम रेझिनवर बसवून आयसोप्रोपिल ॲसिटेटमध्येही वापरलं गेलं.

९. ऑक्सिडेज (ऑक्सिजन वापरणारं) एन्झाइम वापरायचं आहे. ऑक्सिजन कसा पुरवायचा?

आधी आकडा पाहा. २५ अंशाला हवेशी समतोलात असलेल्या पाण्यात ऑक्सिजन असतो लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ मिलीमोलच्या आसपास. शुद्ध ऑक्सिजन वापरला तर १.२ ते १.३ मिलीमोल. दाब १० बार केला तर बाराएक मिलीमोल. फीडमध्ये १०० मिलीमोल सब्स्ट्रेट असेल तर एका फेरीत हा ऑक्सिजन पुरणार नाही, कितीही सुंदर चिप असो.

यावर दोन मार्ग आहेत. फीड १० मिलीमोलपर्यंत पातळ ठेवायचं आणि दाबाखाली ऑक्सिजन पूर्ण विरघळवून बुडबुड्यांशिवाय चालवायचं. किंवा ऑक्सिजन वाटेत पुरवत राहायचा: द्रव-वायूचे एकाआड एक तुकडे, किंवा नळीत नळी, आतली नळी वायू आरपार जाऊ देणाऱ्या टेफ्लॉन एएफची. क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असेल तर कॅटालेज (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) लागतंच. ते ऑक्सिजन परत सोडतं, हा फायदा. त्याचे बुडबुडे बेडमध्ये अडकतात, हा तोटा, आणि बॅक-प्रेशर रेग्युलेटर नसेल तर तो मोठा असतो.

१०. कॉलमच्या सुरुवातीला पीएच ८ होता, शेवटी ६.५. असं का?

क्रियेत आम्ल सुटतंय. पेनिसिलीन जी ॲसायलेजमध्ये फिनाइलॲसेटिक आम्ल सुटतं, आणि बेडच्या शेवटच्या भागातलं एन्झाइम चुकीच्या पीएचला बसून राहतं. ढवळत्या रिॲक्टरमध्ये अल्कली थेंबथेंब घालता येते, कॉलमच्या मधोमध घालता येत नाही. म्हणून ६-एपीएसाठी आखूड बेड वापरून द्रव वेगाने फिरवतात आणि बाहेरच्या टाकीत दर फेरीला पीएच सुधारतात. दुसरा मार्ग म्हणजे दोन-तीन छोटे कॉलम एकामागे एक आणि मध्ये अल्कलीचे सांधे. बफर घट्ट करणं हा तिसरा, पण त्याचं मीठ पुढे वर्कअपमध्ये डोकं खातं.

११. एनएडीएच किंवा एनएडीपीएच लागणारी क्रिया फ्लोमध्ये परवडते का?

कोफॅक्टर (एनएडीएचसारखा, एन्झाइमला लागणारा मदतनीस रेणू) फीडबरोबर वाहून जातो, हीच अडचण. बेडमधल्या बेडमध्ये तो पुनर्जीवित व्हायला हवा. त्यासाठी अल्कोहोल डिहायड्रोजिनेज आणि आयसोप्रोपेनॉल, किंवा जोडीला ग्लुकोज डिहायड्रोजिनेज आणि ग्लुकोज. फीडमध्ये ०.५ मिलीमोल कोफॅक्टर आणि १०० मिलीमोल सब्स्ट्रेट असेल तर एकेक रेणू २०० वेळा वापरला जातो. ग्लुकोजच्या मार्गात ग्लुकॉनिक आम्ल तयार होतं, तेव्हा प्रश्न १० इथेही लागू. पॉलिइथिलीनइमिनचा थर दिलेल्या मण्यांवर कोफॅक्टर विद्युतभाराने धरून ठेवता येतो, पण मीठ जास्त असलेलं फीड त्याला धुऊन काढतं. ट्रान्सॲमिनेजमधला पीएलपी हा कोफॅक्टरही हळूहळू सुटतो. फीडमध्ये तो किंचित घालत राहा.

१२. माझ्या फीडमध्ये किंवा पदार्थात घन कण येतात. काय करू?

फीड ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा आणि कॉलमआधी छोटा गार्ड कॉलम लावा. इथवर सोपं आहे. पदार्थच स्फटिक होऊन बाहेर पडत असेल तर मात्र पॅक्ड बेडचा नाद सोडा. सेफालेक्सिन किंवा अमोक्सिसिलीन एन्झाइमने बनवताना नेमकं हेच होतं. सिद्धांत सांगतो की इथे फ्लो हवा, कारण उशीर केला की तेच एन्झाइम तयार झालेला पदार्थ फोडतं. पण पदार्थ स्फटिक होऊन द्रवाबाहेर गेल्यामुळेच तो फुटण्यापासून वाचतो आणि यील्ड वाढतं. म्हणून तळाला चाळणी असलेला ढवळता रिॲक्टर तिथे शहाणपणाचा. स्फटिक चाळणीतून जातात, मणी वर राहतात.

१३. पंधरा दिवस ९९ टक्के कन्व्हर्जन होतं, मग एकदम कोसळलं. एकाएकी काय बिघडलं?

बहुधा एकाएकी काहीच बिघडलं नाही. कॉलममध्ये गरजेपेक्षा जास्त एन्झाइम होतं. सक्रियता पहिल्या दिवसापासून घटत होती, पण राखीव साठा असल्यामुळे आकड्यात दिसली नाही. टिकाऊपणा मोजायचा तर प्रवाह वाढवून कन्व्हर्जन ४० ते ६० टक्क्यांवर आणा आणि मग दिवस मोजा. ९९ टक्क्यांवर काढलेला अर्धायुष्याचा आकडा कोणी दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

एन्झाइम सुटतंय की मरतंय, हे ओळखायला बाहेर आलेला द्रव तसाच काही तास ठेवून परत तपासा. क्रिया पुढे सरकली असेल तर एन्झाइम द्रवात आलं आहे. न सरकल्यास मण्यांवरच मरतंय, किंवा पाणी (प्रश्न ८), कोफॅक्टर (प्रश्न ११) यांचा घोळ आहे. मरत असेल तर प्रवाह सक्रियतेच्या प्रमाणात कमी करत जा. सक्रियता निम्मी, प्रवाह निम्मा, कन्व्हर्जन तेच.

१४. प्लग फ्लो (मागचं-पुढचं द्रव न मिसळता सरळ पुढे सरकणारा प्रवाह) नेहमीच सर्वोत्तम, असं पुस्तकात आहे. मग माझा कॉलम बॅचपेक्षा वाईट का?

सब्स्ट्रेटच एन्झाइमला दाबत, म्हणजे त्याचा वेग मंदावत असेल तर असं होतं. कॉलमच्या तोंडाशी सब्स्ट्रेटची तीव्रता सर्वाधिक असते, तिथलं एन्झाइम अर्धमेलं होऊन बसतं. बॅचमध्ये तुम्ही सब्स्ट्रेट थोडं थोडं घालत असाल, त्यामुळे हा त्रास जाणवला नसेल. अशा वेळी सतत चालणारा ढवळता रिॲक्टर कॉलमपेक्षा सरस ठरतो, कारण त्यात तीव्रता कायम कमी असते. पदार्थ एन्झाइमला दाबत असेल तर उलट: ढवळता रिॲक्टर सर्वांत वाईट, कॉलम चांगला. दोन्ही असेल तर आधी छोटा ढवळता, पुढे कॉलम.

तीव्रतेचा प्रश्न नसेल तर विसरण तपासा. कॉलम दुप्पट लांब करा आणि प्रवाहही दुप्पट, म्हणजे रेसिडेन्स टाइम तोच. कन्व्हर्जन वाढलं तर मण्याभोवतीचा द्रवाचा थर अडवत होता. न वाढल्यास बारीक मणी वापरून बघा. फरक पडला तर सब्स्ट्रेट मण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचतच नव्हतं आणि आतलं एन्झाइम फुकट बसून होतं. तेव्हा मण्यावर एन्झाइम कमी चढवा. बारीक मण्यांच्या दाबाचं गणित प्रश्न ७ मध्ये आहे.

१५. दोन एन्झाइम एकाच कॉलममध्ये मिसळावीत की वेगवेगळ्या?

मधला पदार्थ अस्थिर असेल, किंवा पहिली क्रिया उलट फिरणारी असून दुसरी तिला पुढे ओढत असेल, तर मिसळा. तापमान, पीएच किंवा द्रावक वेगळा हवा असेल तर वेगळे ठेवा. वेगळ्या कॉलमचा व्यावहारिक फायदा म्हणजे जे एन्झाइम आधी मरेल तेवढंच बदलता येतं.

१६. फ्लोमध्ये 'बॅच' नसते, मग बॅच क्रमांक काय टाकायचा?

औषधांसाठी याचं उत्तर आयसीएच (औषधांच्या नियमांचा आंतरराष्ट्रीय मेळ घालणारी संस्था) हिच्या क्यू१३ या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती अंतिम झाली. बॅच किती माल निघाला, किती फीड वापरलं किंवा ठरावीक दराने किती वेळ चालवलं, यावरून ठरवता येते. एन्झाइमच्या कॉलमबाबत यात एक भर: कॉलमचं वय नोंदीत ठेवा, कारण पहिल्या आणि साठाव्या दिवशीचा कॉलम एकसारखा नसतो.

१७. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर प्लांट बंद. कॉलम कसा ठेवायचा?

सब्स्ट्रेट आणि पदार्थ पूर्ण धुऊन काढा. पाण्यातल्या कॉलममध्ये ताजं बफर भरा, एन्झाइमला चालेल असा जंतुरोधक घाला आणि ४ अंशाला ठेवा. फ्रीझरमध्ये नको, बर्फाचे स्फटिक मणी आणि एन्झाइम दोन्ही बिघडवतात. लायपेजचा कॉलम द्रावकाने धुऊन, सुकवून, बंद करून थंड जागी ठेवला तरी चालतो. फीडची टाकी रिकामी करायला विसरू नका: ग्लुकोज आणि फॉस्फेट असलेलं फीड खोलीच्या तापमानाला आठवडाभर राहिलं तर त्यात एवढे जीवाणू वाढतात की परत आल्यावर पहिल्या तासात कॉलमचं तोंड तुंबतं.